माशी, मासा आणि नदीचा तळ

शुद्धलेखनाच्या तासाला मी एकदा वाक्य सांगितले : ‘कोळ्याने माशाला जाळ्यात पकडले.’ एका चिरंजीवांनी ‘माशाला’च्या जागी ‘माशीला’ लिहिले. मी लाल पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. कोळी माशाला धरतो तसा माशीलाही धरतो, आणि दोन्ही कोळ्यांचे हत्यार जाळेच. मग त्या वाक्यात चूक ती काय काढायची? आपल्या भाषेने या दोन जिवांत एका वेलांटीचेच अंतर ठेवले आहे. पण माशीनेच मासा धरायचा, आणि तीही खऱ्या माशीने नव्हे, तर कोंबड्याच्या मानेवरचे पीस नि रेशमाचा धागा गळावर गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने, हा उद्योग इंग्रजांनी पाचशे वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात ते हेच.

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. या उद्योगाचा इतिहास वाचताना मला माशांपेक्षा माणसेच अधिक दिसली. एकाच नदीत पोहणाऱ्या माशांत माणसांनी कुलीन आणि हलके असे दोन वर्ग पाडले. त्यासाठी ग्रंथ लिहिले, कायदे केले, आणि एका नदीत तर विष ओतले. ती हकीकत आज सांगायची आहे. फराळाच्या ताटाशेजारी मासे आणल्याबद्दल शाकाहारी वाचकांनी राग मानू नये. या लेखात मासे पुष्कळ आहेत, पण कालवण नाही.

आधी ही माशी चालते कशी ते सांगतो. आपल्याकडे नदीकाठी गरी टाकून बसणारी मुले गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिशाचा तुकडा बांधतात आणि ते ओझे भिरकावतात. दोरी त्यामागून जाते. पिसांच्या माशीला वजनच नाही, तेव्हा ती भिरकावणार कशी? म्हणून इथे दोरीच जड करतात. लवचिक काठीने ती दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि चाबकासारखी पुढे सोडायची. टोकाची माशी सावरीच्या म्हातारीसारखी अलगद पाण्यावर उतरते. मासा तिला खरा किडा समजून वर येतो. निदान यावा अशी अपेक्षा असते.

इंग्रजीत या विद्येवरचा पहिला छापील प्रबंध १४९६ सालचा. विंकिन डी वर्ड या मुद्रकाने तो वेस्टमिन्स्टर येथे छापला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठाधिकारिणीच्या नावावर चालत आला आहे. ही बाई खरोखर होऊन गेली की नाही, याबद्दल विद्वानांत वाद आहे. प्रबंधात वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत वापरायच्या बारा माश्यांची कृती दिली आहे. लेखिकेला सामन मासा सर्वांत भारदस्त वाटतो. पण ट्राउटबरोबर कार्प, बार्बेल, चब, ब्रीम यांनाही ती त्याच पुस्तकात, त्याच गंभीरपणाने जागा देते. पुढे १६५३ साली आयझॅक वॉल्टनने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तो लंडनचा व्यापारी. त्याने चब या साध्यासुध्या माशावर मोठ्या प्रेमाने प्रकरण लिहिले आणि कार्पला तर नद्यांची राणी म्हटले. ही राणी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काय झाले ते यायचे आहे.

भिंत उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात. सामन आणि ट्राउट हे ‘गेम फिश’, म्हणजे साहेबाच्या शिकारीला शोभणारे. बाकीचे सारे ‘कोर्स फिश’, म्हणजे जाडेभरडे. दक्षिण इंग्लंडातल्या टेस्ट, इचेन या नद्या चुनखडीच्या डोंगरातून निघतात आणि पाणी काचेसारखे. तिथले काठ जमीनदारांच्या आणि क्लबांच्या मालकीचे. इकडे शेफील्डसारख्या गिरण्याभट्ट्यांच्या गावातले कामगार सुटीच्या दिवशी आगगाडीने कालव्यांवर नि संथ नद्यांवर जात आणि रोच, ब्रीम, बार्बेल धरत. या जाड्याभरड्या माशांना विणीच्या हंगामात अभय देणारा कायदा व्हायला १८७८ साल उजाडले, आणि तो आणला शेफील्डचेच खासदार मंडेला यांनी. सामनसाठी कायदा त्याआधीच झाला होता, हे सांगायला नकोच.

साहेबांच्या बाजूला याच सुमारास एक आचार्य निर्माण झाले. फ्रेडरिक हाल्फर्ड त्यांचे नाव. १८८६ आणि १८८९ साली त्यांनी दोन ग्रंथ लिहून माशीचे सोवळेच घालून दिले. मासा पृष्ठभागावर किडा खाताना दिसला पाहिजे. मग त्याच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट दिशेने, कोरडी माशी टाकायची. ती तरंगली पाहिजे, भिजून बुडता कामा नये. हाल्फर्ड स्वतः अभ्यासू होते, पण त्यांच्या शिष्यांनी या पद्धतीचा धर्म केला. भिजलेल्या माशीने ट्राउट धरणारा माणूस म्हणजे पंक्तीत सोवळे न नेसता बसलेला. आपल्याला या प्रकाराचे नवल वाटायचे कारण नाही.

या सोवळ्याला धक्का दिला एका वकिलाने. जी. ई. एम. स्क्यूज हे इचेन नदीवर मासे धरीत. धरलेल्या ट्राउटच्या पोटात काय आहे ते पाहायला ते हाडातला मगज काढायचा लांब चमचा वापरीत. त्यात निघायचे ते किडे बहुतेक पाण्याखालचे, अजून पंख न फुटलेले. म्हणजे कुलीन ट्राउट आपले बरेचसे जेवण पृष्ठभागाखालीच उरकत होता आणि वरची मंडळी त्याच्या नावाने कोरडी माशी पुजत होती! स्क्यूज यांनी १९१० साली आपले पहिले पुस्तक काढले आणि पाण्याखालच्या किड्याची नक्कल, म्हणजे ‘निम्फ’, चालवायला आरंभ केला. वाद इतका पेटला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर सभा झाली. त्या वेळी स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. आपल्या नदीवर ते निम्फ वापरतात म्हणून त्यांच्या सोबत्यांनी त्यांना इतके त्रासले होते, की अखेर त्यांनी ते पाणीच सोडले.

माशी पृष्ठभागावरून खाली आली, ती थेट तळापर्यंत नेली फ्रँक सॉयर याने. हा ना जमीनदार, ना वकील. विल्टशायरमधल्या एव्हन नदीवर तो नदीराखा होता, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारीसाठी नदी सांभाळणारा पगारी नोकर. त्याने निम्फ बांधताना रेशीम टाकून दिले आणि बारीक तांब्याची तार घेतली; तारेने पीसही बांधले जाते आणि वजनही येते. ती माशी दगडासारखी तळाशी जाते. त्याचे पुस्तक १९५८ साली आले. पण मला त्याची दुसरी कृती अधिक महत्त्वाची वाटते. त्याच्या नदीत ग्रेलिंग नावाचा मासा फार झाला होता. वास्तविक ग्रेलिंग सामनच्याच कुळातला. पण त्याची वीण वसंतात होते, तळाशी चरतो, आणि ट्राउटच्या तोंडचा घास घेतो असा त्याच्यावर आरोप. तेव्हा ग्रेलिंग काढून टाकण्याचे काम सॉयरकडे आले. त्यासाठी त्याने मोजे रफू करायची राखाडी-गुलाबी लोकर गळावर गुंडाळली, आत तार घातली, आणि तिला नाव दिले ‘किलर बग’. चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची ती लोकर. तिचे उत्पादन कधीच बंद झाले. आता जुनी गुंडी कुठे सापडली तर हौशी लोक तिला भलती किंमत मोजतात. हलक्या माशाचा काटा काढण्यासाठी केलेली ही माशी तळाच्या माशांसाठी आजही बांधली जाते.

इथे जरा आपल्या नद्यांकडे वळतो, कारण इंग्रजांच्या या वर्णव्यवस्थेची खरी गंमत हिंदुस्थानात झाली. इंग्लंडातला बार्बेल हा पक्का कोर्स फिश. तोंड खाली वळलेले, ओठ मांसल, चार मिशा. तळाची वाळू हुंगत फिरणारा. साहेब इथे आला तेव्हा त्याला आढळले की आमच्या गरम नद्यांत ना सामन, ना ट्राउट. निलगिरीच्या नि काश्मीरच्या थंड पाण्यात त्याने पुढे खटपट करून ट्राउट आणून सोडले, ही गोष्ट वेगळी. पण मैदानी आणि डोंगरी नद्यांत त्याला एक अजस्र, सोनेरी खवल्यांचा मासा भेटला : महासीर. त्याचेही तोंड खाली, ओठ मांसल, मिशा चार. तोही तळाच्या शिंपल्या, खेकडे, झाडावरून पडलेली उंबरे खाणारा. शास्त्रज्ञांनी त्या काळी त्याला बार्बेलच्याच ‘बार्बस’ या गणात घातले होते. म्हणजे जाड्याभरड्या बार्बेलचाच हा हिंदी चुलतभाऊ! पण मद्रास सनदी नोकरीतले एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली मंगळूरला छापलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की वजनास वजन तोलले तर महासीर सामनपेक्षा सरस झुंज देतो. झाले. जो इंग्लंडात शूद्र, तो इथे राजा. बदलला होता तो मासा धरणाऱ्याचा पत्ता.

थॉमसच्याही आधी आमच्या मुळा-मुठेतल्या माशांची नोंद कर्नल साइक्स यांनी केली होती. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करीत हा लष्करी अधिकारी हिंडला आणि १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. साइक्सचे मला एका गोष्टीसाठी फार कौतुक वाटते. त्याने लॅटिन नावांच्या शेपटीला गावातली नावे तशीच राहू दिली. पुण्याच्या पूर्वेकडे मिळालेल्या महासीराचे नाव त्याने ‘खुद्री’ ठेवले. एका माशाच्या नाकाडावर कापल्यासारखी खोल खाच असते. त्याला त्याने ‘नुक्ता’ म्हटले, म्हणजे आपला नकटा. खडकाला हनुवटीने चिकटून राहणारा मळ्या त्याच्या निबंधात ‘मुल्या’ होऊन बसला. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आज हे मासे याच नावांनी ओळखले जातात. आणि हे तिघेही तळाशी चरणारे.

मासे गळाने धरण्याचे शास्त्र साहेबानेच आणले असाही कोणाचा समज असेल, तर कल्याणीच्या चालुक्य राजाचे नाव घ्यावे लागेल. तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. ज्या ग्रंथातल्या मराठी गीतांमुळे आपले भाषेचे अभ्यासक त्याची आठवण काढतात, तोच हा ग्रंथ. त्यात मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, मोठे की लहान असे वाटले आहेत. कोणत्या माशाला कसले आमिष द्यावे ते सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर सविस्तर लिहिले. डेम ज्युलियानाच्या प्रबंधापूर्वी साडेतीनशे वर्षे राजाने हा विषय हाताळला आणि विटाळ कोणाचा मानला नाही.

महासीराला राजेपण मिळाले ते त्याला काही अंशी पावले. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या नावाने हे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत कोणी नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महासीराची पिले वाढवून देशभरच्या पाण्यात सोडली. बिचाऱ्या नकट्याला असा वाली कोणी मिळाला नाही.

आता अमेरिका. तिथे ज्याला राजेपण मिळाले नाही, त्या माशाचे काय झाले ते पाहू.

अमेरिकेच्या नद्यांत ‘सकर’ नावाचे एक मोठे माशांचे कुळ आहे. सुमारे ऐंशी जाती; चीनच्या यांगत्से नदीतली एक जात आणि सैबेरियापर्यंत पोचलेली दुसरी सोडली, तर सारे कुळ उत्तर अमेरिकेचेच. सकर म्हणजे चोखणारा. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, दात नाहीत, जाड ओठांवर बारीक बारीक गाठी. ते तोंड नळीसारखे खाली काढून हा मासा दगडांवरचे शेवाळ, किडे, गोगलगाई शोषून घेतो. इंग्रजी बोलीत सहज फसणाऱ्या भोळसट माणसालाही ‘सकर’ म्हणतात. ज्या प्राण्याच्या नावाचीच शिवी झाली त्याची बाजू कोण घेणार? त्याच्यावर आरोप असा की तो ट्राउटची अंडी खातो. ट्राउट सकरची अंडी मिटक्या मारीत खातो, हे मात्र फिर्यादीत लिहिलेले नसे.

त्यात भर पडली वॉल्टनच्या राणीची. १८७७ साली अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांनी जर्मनीहून कार्प आणवले. प्रथम बाल्टिमोरच्या उद्यानातल्या तळ्यांत आणि मग राजधानीतल्या तळ्यांत त्यांची वीण झाली. युरोपातून आलेल्या लोकांना आपल्या देशाचा मासा हवा होता; लोकप्रतिनिधींकडे अर्जांचे ढीग पडत, आणि सरकार खास आगगाडीच्या डब्यांतून पिले गावोगाव पोचवी. वीस-पंचवीस वर्षांत राणी साऱ्या नद्यांत पसरली आणि त्याच लोकांच्या मनातून उतरली. ती तळ उकरते, पाणी गढूळ करते, पाणवनस्पती उपटते, अशी ओरड सुरू झाली. आणि ती खोटीही नव्हती. पण राग काढताना सरकारी खात्यांनी परदेशी कार्प आणि हजारो वर्षे तिथे राहिलेला देशी सकर यांना एकाच यादीत कोंबले. यादीचे नाव ‘रफ फिश’. या यादीतला मासा किती मारावा याला मर्यादा नसे, आणि मारून काठावर फेकला तरी कोणी विचारीत नसे.

या यादीचा कळस १९६२ साली झाला. वायोमिंग आणि युटा राज्यांतून ग्रीन नावाची नदी वाहते. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज हे प्रचंड धरण बांधून होत आले होते. नव्या जलाशयात ट्राउट सोडायचे, तर त्याआधी रफ फिशची साफसफाई केलेली बरी, असे ठरले. रॉबर्ट मिलर यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी विरोध केला, तो कोणी मानला नाही. सप्टेंबर महिन्यात ग्रीन आणि तिच्या उपनद्या मिळून ४४५ मैल, म्हणजे सुमारे ७१५ किलोमीटर पाण्यात रोटेनोनचे वीस हजारांहून अधिक गॅलन द्रावण सोडण्यात आले. रोटेनोन हे काही वेलींच्या मुळ्यांतून निघणारे विष. ते कल्ल्यांतून अंगात जाते आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाच्या शरीराला तो वापरता येत नाही. आमच्या सह्याद्रीतले लोक गेळाची फळे ठेचून एखाद्या डोहात मासे भुलवीत, ती युक्ती याच वाटेने जाणारी. पण ती एका डोहापुरती आणि एका जेवणापुरती.

खाली डायनोसॉर राष्ट्रीय उद्यान होते. त्याच्या आधी पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारायचे, अशी योजना होती. ती फसली आणि विष उद्यानातही उतरले. मेलेल्या माशांत कार्प होते, तसेच रेझरबॅक सकर होते. या सकरच्या पाठीवर होडीच्या कण्यासारखा धारदार उंचवटा असतो. तो चाळीस-चाळीस वर्षे जगतो आणि जगात कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याबाहेर कुठेही नाही. दोन महिन्यांनी धरणाची दारे बंद झाली, थंड पाणी साठले, ट्राउट सोडले गेले. आज धरणाखालची ग्रीन नदी माशीने ट्राउट धरणाऱ्यांत जगप्रसिद्ध आहे.

या प्रकाराचा बोभाटा मात्र झाला. गृहखात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांनी १९६३ साली आज्ञा काढली, की यापुढे असे काम करताना दुर्मिळ जातींचा विचार आधी व्हावा. १९७३ साली संकटग्रस्त जीवांचा कायदा झाला. आणि १९९१ साली रेझरबॅक सकर त्या कायद्याच्या यादीत आला. ज्या सरकारच्या पैशाने त्याला विष घातले गेले, त्याच सरकारच्या पैशाने आता युटातच हौदांत त्याची पिले वाढवतात, मोजतात, खुणेचा दाणा अंगात घालतात आणि नदीत सोडतात. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता, तर संपादकांनी ‘योगायोग फार झाला’ म्हणून परत पाठवला असता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेव्हाडात पिरॅमिड नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी पायूट लोक राहतात, आणि त्यांचे स्वतःचे नाव आहे ‘कुयुई खाणारे’. कुयुई हा तिथला सकर. तोही त्या एका सरोवराखेरीज जगात दुसरीकडे नाही. वसंतात तो झुंडीने ट्रकी नदीत चढायचा आणि हिवाळा काढून उपाशी झालेली माणसे तो धरून वाळवायची. १९०५ साली ट्रकीवर डर्बी धरण झाले, पाणी शेतीकडे वळले, आणि पुढल्या साठ वर्षांत सरोवर सत्तर-ऐंशी फुटांनी खाली गेले. नदीच्या मुखाशी गाळाचा बांध तयार झाला. मासे वर चढेनात. त्याच सरोवरात एक प्रचंड ट्राउटही होता. १९२५ साली ४१ पौंडांचा धरल्याची नोंद आहे. लांबलांबून श्रीमंत लोक त्याच्यासाठी येत. तो कुलीन ट्राउट १९४०च्या दशकापर्यंत सरोवरातून नाहीसा झाला. त्याचा वंश पुढे दूरच्या एका डोंगरी ओढ्यात सापडला म्हणून २००६ पासून पुन्हा सोडता आला. कुयुई मात्र टिकला. का? तर तो चाळीस वर्षांहून अधिक जगतो. नदीला पाणी नसले तर तो वाट पाहतो. पाच वर्षे, दहा वर्षे. एखाद्या सालात पूर आला की तेवढ्यात वीण उरकून घेतो. १९७६ साली त्याच्यासाठी नदीमुखाशी पायऱ्यांची वाट बांधली गेली. कुयुईचे उबवणी केंद्र ती जमात स्वतः चालवते.

या माशांच्या वयाची कल्पना माणसांना फार उशिरा आली. सकरच्या कुळात बिगमाउथ बफेलो नावाचा एक धिप्पाड मासा आहे; तोही रफ फिश. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो आणि झाडाच्या खोडाप्रमाणे त्यात वर्षाचे वळे पडतात. मिनेसोटातल्या एका बफेलोच्या खड्यातली वळी शास्त्रज्ञांनी मोजली, तेव्हा वय निघाले ११२ वर्षे! २०१९ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. लोकमान्यांना मंडालेला धाडले त्या सुमारास जन्मलेला मासा कालपरवापर्यंत तळाशी चरत होता, आणि कायद्याच्या पुस्तकात त्याची किंमत शून्य होती. २०२४ साली मिनेसोटाच्या विधिमंडळाने कायद्यात देशी रफ फिश आणि परदेशी कार्प यांना वेगळे केले. एकाच कोठडीतून शेवटी दोघांची फारकत झाली ती अशी.

या बदलामागे शास्त्रज्ञ आहेत, मूळचे रहिवासी आहेत, आणि थोडेसे माशीवाले हौशीही आहेत. ट्राउटची काठी घेऊन मुद्दाम सकरच्या मागे जाणारे लोक गेल्या काही दशकांत अमेरिकेत वाढले आहेत. शेजारी त्यांना हसतात. पण मी वाचले त्यावरून हे काम ट्राउटपेक्षा सोपे खासच नाही. एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळून ओढ्याचे पाणी थोडे कोमट झाले, की पांढरा सकर विणीसाठी वर येतो. सूर्य पाठीशी घेऊन, गुडघे टेकून, उथळ पाण्यातली सावली शोधायची. जो मासा स्वस्थ उभा आहे त्याचा नाद सोडायचा. जो तळ हुंगत हळूहळू सरकतो आहे तो चरणारा. त्याच्या वरच्या अंगाला, हातभर अंतरावर, तारेची जड निम्फ सोडायची, म्हणजे ती वाळूवरून घरंगळत बरोबर त्याच्या ओठांपाशी यावी. बोटभर बाजूला गेली तर तो वळून पाहणार नाही, कारण तो माशीचा पाठलाग करीत नाही. ट्राउटसारखा झटकाही बसत नाही. फक्त पांढरट ओठ क्षणभर पुढे आलेले दिसतात आणि आत जातात. तेवढ्यात काठी उचलायची. जोराने ओढली तर गळ मऊ ओठातून सुटतो, उशीर केला तर माशी थुंकून टाकलेली असते.

झुंडीत गळ ओढला तर तो कोणाच्या तरी पोटात, शेपटीत रुततोच. पूर्वी पुष्कळ ठिकाणी सकर तसेच ओरबाडून काढीत, आणि रफ फिश म्हणून त्यात कोणाला वावगे वाटत नसे. हे नवे लोक तसा मासा मोजत नाहीत. गळ ओठात असला तरच मासा धरला असे मानतात, हात ओला करून गळ काढतात, त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरतात, आणि कल्ले पुन्हा नीट हलू लागले की सोडून देतात.